दिव्याबरोबर आणखी काय गेलं?

शहापूरच्या बाजारपेठेत दुपारी गाडीला नवा टेप बसवून घेतला. हल्ली त्याला अँड्रॉइड स्क्रीन म्हणतात, पण गॅरेजवर तो अजून टेपच. पैसे देण्याआधी गाणं लावून पाहिलं, रिव्हर्स कॅमेरा पाहिला, नकाशा उघडून पाहिला, सगळं चोख. अंधार पडल्यावर किन्हवलीच्या रस्त्याला लागून दिवे लावले, तर डॅशबोर्ड काळाठिक्कर. मीटरचा काटा दिसेना, एसीच्या गोल बटणांमागचा उजेड गायब. स्क्रीन मात्र लख्ख. चालवणारा मनाशी म्हणतो, आतलेच दिवे तर गेलेत, उद्या बघू.

गाडीच्या मागे जाऊन पाहावं असं त्याला सुचत नाही, कारण हेडलाइट शाबूत आहेत. गेला असता तर दिसलं असतं की दोन्ही टेल लाइट बंद आहेत आणि नंबर प्लेटही अंधारात आहे. ब्रेक दाबला की मागे लाल दिवे लागतात, कारण त्यांचा फ्यूज वेगळा. ब्रेकवरचा पाय उचलला की मागून येणाऱ्याच्या लेखी पुढे गाडीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. पावसाळ्यात सरळगाव सोडून टोकावड्यावरून माळशेज चढताना धुक्यात दिवे चालू असलेली गाडीसुद्धा ऐनवेळी दिसते. तिथे ही गाडी पुढच्या ट्रकला दिसते आणि मागच्या ट्रकला दिसत नाही.

बटणांमागचा इवलासा दिवा आणि टेल लाइट एकाच वेळी गेले, यात योगायोग नाही. ते एकाच फ्यूजवर आहेत. बाहेरची वस्तू बसवल्यानंतर आतला एखादा दिवा गेला की लोक त्या दिव्याच्याच मागे लागतात: बल्ब काढतात, घासतात, नवा आणतात. त्याआधी दिव्याबरोबर आणखी काय काय गेलं ते शोधावं. सोबत गेलेल्यांची यादी हाती आली की फ्यूज सापडतो, आणि फ्यूज सापडला की बसवणाऱ्याने कुठल्या वायरीला हात लावला तेही बहुतेक कळतं.

टेपचंच घेऊ. बाजारात मिळणाऱ्या टेपच्या वायरींचे रंग साधारण सगळीकडे सारखे असतात. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस. चावी काढली तरी तिच्यात करंट असतो, कारण घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला टेपला थोडी वीज लागते. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा प्लस. काळी अर्थिंगची. आणि नारिंगी म्हणजे दिव्यांची खूण. पार्किंग लाइट लावले की या वायरीत करंट येतो, टेपला कळतं की रात्र झाली, आणि तो आपल्या पडद्याचा उजेड कमी करतो. गाडीच्या बाजूने ही नारिंगी वायर जिला जोडायची ती तार टेल लाइट आणि डॅशबोर्डच्या दिव्यांच्याच सर्किटमधून आलेली असते.

नारिंगी वायर न जोडता टेप छान वाजतो. त्यामुळे घाईतल्या बसवणाऱ्याला ती नकोशी असते. गाडीचा मूळ कपलर कापायचा, हव्या त्या वायरी सोलून पिळ घालायचा, चिकटपट्टी गुंडाळायची, आणि उरलेली ही एक तशीच सोडून टेप आत ढकलायचा, असा प्रकार होतो. आता टेप बाहेर ओढून पाहिला तर काय दिसतं? पाठीला पत्र्याची पेटी, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, त्या पट्ट्या स्क्रूने गाडीच्या सांगाड्याला आवळलेल्या. म्हणजे सगळा मायनस. आणि त्या पत्र्यापासून बोटभर अंतरावर वायरीचं एक टोक, अर्धा सेंटिमीटर तांबं उघडं, त्यावरच्या चार केसांपैकी एक पट्टीला चिकटलेला. तिथे काळसर ठिपका असतो, आणि नीट पाहिलं तर वितळलेल्या तांब्याचा बारीक मणी. दुपारी दुकानासमोर काहीच झालं नाही, कारण दिवे लावल्याशिवाय त्या टोकात करंटच येत नाही. रात्री खटका फिरवला, करंट आला, तो थेट बॉडीत गेला आणि फ्यूज उडाला. बसवणारा मनापासून सांगतो की माझ्याकडून गेली तेव्हा गाडी व्यवस्थित होती, आणि तो खोटं बोलत नसतो.

पिवळ्या वायरीचं कुटुंब वेगळं. तिचा कायमचा प्लस गाडीत ज्या फ्यूजवरून येतो, त्यावर बऱ्याच गाड्यांत छताचा दिवा असतो, घड्याळाची आठवण असते, कधी सेंट्रल लॉकिंग असतं, आणि स्टिअरिंगखालचा तो सोळा पिनांचा कपलरही असतो, ज्याला मेकॅनिक स्कॅनर लावतो. फ्यूजच्या झाकणावर त्याला कुठे डोम, कुठे रूम, कुठे बॅकअप असं लिहिलेलं आढळतं. म्हणून छताचा दिवा गेला, घड्याळ दर वेळी बाराला येऊन बसतंय, आणि स्कॅनर लावला तर तो पेटतच नाही, असं त्रिकूट दिसलं तर बल्ब विकत घ्यायला जाऊ नये. स्कॅनर पेटत नाही तेव्हा काही मेकॅनिक गाडीचा कॉम्प्युटर गेला असं निदान करून मोकळे होतात. त्या कपलरच्या सोळाव्या पिनेवर बॅटरीचा प्लस येतो, आणि तो याच उडालेल्या फ्यूजमधून येत असतो. काही रुपयांचा फ्यूज आणि काही हजारांचा कॉम्प्युटर यांतला फरक गिऱ्हाइकाला माहीत असलेला बरा.

तिसरं कुटुंब चावीवर चालणाऱ्यांचं. मोबाइल चार्जिंगचा सॉकेट गेला, सोबत आरसे हलवायचं बटण गेलं, टेप गेला, पण दिवे सगळे ठीक, तर लाल वायरीकडे पाहावं.

आणि एकटा छताचाच दिवा गेला, बाकी सगळं ठणठणीत असेल, तर आधी त्याचा खटका पाहावा. हे लिहायला संकोच वाटतो, पण दिवा गेला म्हणून आलेल्या गाड्यांत खटका फक्त बंदवर सरकलेला असणं ही रोजची गोष्ट आहे. डॅशकॅमची वायर छताच्या कडेने ओढताना हाताचा धक्का लागतो, एवढंच. डॅशबोर्डच्या दिव्यांचंही तेच. उजेड कमीजास्त करायचं चाक असलेल्या गाडीत कुणीतरी ते खाली फिरवून ठेवलेलं असतं.

छताच्या दिव्याचा खटका तीन जागी थांबतो: चालू, बंद, आणि मधे दरवाजाची जागा. जुन्या, साध्या गाडीत त्या दिव्याला प्लस कायम असतो आणि खेळ चालतो तो मायनसवर. दरवाजाच्या चौकटीत रबरी टोपीची एक पिन असते. दरवाजा लावला की ती दाबली जाते आणि मायनस तुटतो. उघडला की पिन बाहेर येते, वायर बॉडीला टेकते, दिवा लागतो. खटका चालूवर ठेवला तर दिवा दरवाजाला विचारत नाही, स्वतःचा मायनस घेतो. या एका गोष्टीवरून अर्धं निदान जागेवर बसून होतं. चालूवर दिवा लागतो पण दरवाजा उघडल्यावर लागत नाही, तर बल्ब चांगला, फ्यूज चांगला, प्लस येतोय. बिघाड दरवाजाकडून येणाऱ्या वायरीत. चालूवरही लागत नाही, तर प्लस, फ्यूज किंवा बल्ब.

दरवाजाची ही वायर बाहेरून बसवलेल्या सायरनवाल्या लॉकला फार प्रिय असते. दरवाजा उघडला हे सायरनला कळायला हवं, म्हणून बसवणारा तिच्यातून फाटा काढतो. फाट्यात डायोड घातला तर वीज एकाच दिशेने जाते आणि दोन यंत्रं एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. डायोड वाचवला की मजा सुरू होते: रिमोट दाबला की छताचा दिवा मिचकावतो, किंवा दरवाजे लावून गाडी कुलूपबंद केली तरी तो जळत राहतो. आपण त्या दिव्याला शिव्या घालतो. तो बिचारा कुणीतरी चुकीचा मायनस देतंय म्हणून पेटलेला असतो.

नव्या गाड्यांत दरवाजाची पिन कुलपाच्या आतच असते आणि ती दिव्याशी बोलत नाही, बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाच्या छोट्या कॉम्प्युटरशी बोलते. बॉश कंपनीने १९८६ साली कॅन नावाची पद्धत मांडली: गाडीतल्या अनेक यंत्रांनी पिळाच्या दोन तारांवरून एकमेकांना निरोप द्यायचे. आज आपल्याकडच्या साध्या गाड्यांतही ती आहे. यामुळे दोन गोष्टी बदलल्या. एक, अशा गाडीत दिव्याच्या वायरीवर शॉर्ट झाला तर फ्यूज न उडताही दिवा मरतो, कारण अनेक मॉड्यूल जास्त करंट जाताना दिसला की ती वाट स्वतःच बंद करतात. शॉर्ट काढून गाडी काही वेळ चावी काढून ठेवली की दिवा बऱ्याचदा परत येतो. दुसरी, दरवाजा उघडा आहे असा चुकीचा निरोप गेला तर दिवा काही मिनिटं जळून बॅटरी वाचवण्यासाठी आपोआप विझतो, आणि मालकाला वाटतं दिवा गेला. मीटरवर दरवाजा उघडा असल्याचं चित्र कायम दिसत असेल तर हाच प्रकार समजावा.

पायाशी निळा-जांभळा उजेड पाडणाऱ्या पट्ट्या या मॉड्यूलच्या दिव्याच्या वायरीला जोडणं हा सध्याचा लाडका उद्योग आहे. दसऱ्याला नवी गाडी येते, पाडव्यापर्यंत तिच्यात पट्ट्या लागलेल्या असतात. ती वायर एका छोट्या बल्बाच्या बेताने आखलेली असते. पट्ट्यांचा भार तिच्यावर टाकू नये. पट्ट्यांना स्वतंत्र फ्यूजवरून प्लस द्यावा, आणि दरवाजाबरोबर लागायला हव्यात तर मधे रिले घालावा, म्हणजे मॉड्यूलवर भार फक्त रिलेच्या गुंडाळीचा येतो.

एलईडी बल्बांच्या दोन खोड्या सांगून पुढे जाऊ. छतात बसणारा बल्ब बहुधा दोन टोकांना धातूच्या टोप्या असलेली नळी असते. साधा बल्ब कसाही बसवा, जळतो. एलईडी उलटा बसला तर जळत नाही. तो काढून फिरवून बसवावा, दुकानात परत नेऊ नये. दुसरी खोडी अशी की दरवाजे लावल्यावर एलईडी रात्रभर मिणमिणतो. सर्किटमध्ये थोडा गळका करंट काही गाड्यांत पहिल्यापासून असतो. जुन्या बल्बाची तार एवढ्याने तापत नव्हती म्हणून तो दिसत नव्हता, एलईडीला तेवढा पुरतो. बॅटरीला त्याने फारसं काही होत नाही. डोळ्याला खुपत असेल तर जुना बल्ब परत लावावा. आणि बल्ब बदलताना दिवा बंद करून, शक्य तर फ्यूज काढून मगच स्क्रूड्रायव्हर घालावा. तिथे प्लस कायम असतो, पात्याने टोपी आणि पत्रा एकाच वेळी शिवला की डोमचा फ्यूज गेलाच.

आता फ्यूज. गाडीत तो दोन जागी असतो: एक पेटी बॉनेटखाली बॅटरीजवळ, दुसरी स्टिअरिंगखाली नाहीतर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तकात नकाशा असतो, आणि चिमटा बऱ्याचदा पेटीतच अडकवलेला असतो. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: तपकिरी साडेसात अँपिअर, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. मधली तार तुटलेली डोळ्यांना दिसते, पण कधी चीर इतकी बारीक असते की फसगत होते. फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात. तिथे टेस्ट लॅम्प लावून दोन्हीकडे करंट आहे का ते पाहावं. एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, म्हणजे फ्यूज गेला. तपासताना ते सर्किट चालू असायला हवं. टेल लाइटचा फ्यूज दिवे बंद ठेवून तपासला तर बऱ्याच गाड्यांत दोन्हीकडे करंट नाही असंच दिसणार.

लाल फ्यूज उडाला म्हणून तिथे हिरवा घालणं, किंवा सिगारेटच्या पाकिटाचा चांदीचा कागद गुंडाळणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. घरातल्या चिनी मातीच्या फ्यूजला जाड तार बांधायची सवय याला कारणीभूत असावी. गाडीतला फ्यूज टेप वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. छोट्या गाडीची बॅटरीसुद्धा सेल मारताना शंभरावर अँपिअर देते. तेवढा करंट अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीतून जायला लागला की ती लाल होते, तिचं प्लास्टिक पेटतं, आणि ती वायर एकटी नसते. तिला दहा-बारा वायरींच्या जुडग्यात बांधलेलं असतं आणि ते जुडगं डॅशबोर्डच्या मागे, फोम आणि कापडाला लागून असतं. १० च्या जागी ३० घातल्यावर दिवा लागला याचा अर्थ दोष गेला असा होत नाही.

त्याच आकड्याचा नवा फ्यूज घालून तो पुन्हा उडाला, तर फ्यूजचं पाकीट संपवत बसू नये. गावातले जुने वायरमन घरातल्या दुरुस्तीला सिरीज बोर्ड वापरतात, संशयित उपकरणाच्या वाटेत एक बल्ब घालून. गाडीत तीच युक्ती बारा व्होल्टवर चालते. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्यायचा, त्याला दोन वायरी जोडायच्या आणि उडालेल्या फ्यूजच्या खाचेत त्या घालायच्या. आता पुढे थेट शॉर्ट असला तरी बल्बातून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ शकत नाही. काही जळणार नाही, आणि जोवर शॉर्ट आहे तोवर बल्ब पूर्ण तेजाने जळत राहील. मग एकाने बल्बाकडे पाहायचं आणि दुसऱ्याने टेप हळूहळू बाहेर ओढायचा, वायरींचं जुडगं हलवायचं, नव्याने बसवलेला एकेक कपलर सोडवायचा. ज्या क्षणी बल्ब विझतो किंवा मंदावतो, त्या क्षणी तुमचा हात जिथे असतो तिथे दोष असतो. सर्किटमध्ये मूळचे दिवे चालू असतील तर बल्ब थोडा पेटलेला राहील, त्याने गोंधळू नये. शॉर्टचा उजेड आणि हा उजेड यांतला फरक एकदा पाहिला की कळतो. एक अपवाद पक्का लक्षात ठेवायचा: पिवळ्या कपलरच्या, पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. तिथे बल्ब नाही, टेस्ट लॅम्प नाही, सुई नाही, काहीच नाही.

डॅशकॅम बसवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत काचेच्या बाजूच्या खांबाच्या आतून ती घडी करून ठेवलेली असते. वायर तिच्यावरून, म्हणजे खांबाच्या आवरणाच्या आणि एअरबॅगच्या मधून ओढली, तर एअरबॅग उघडताना ती वायर वाटेत येते. वायर मागच्या बाजूने, मूळ जुडग्याच्या सोबतीने न्यावी लागते. दहा मिनिटांत कॅमेरा बसवून देतो म्हणणाऱ्याने हे केलेलं नसतं, एवढं खात्रीने धरून चालावं.

कॅमेऱ्याला वीज कुठून घेतली, हा दुसरा प्रश्न. छताचा दिवा जवळ, त्यात कायमचा प्लस; मोह होतो. मग चावी काढल्यावरही कॅमेरा जागा राहतो. त्याचा हिशेब करून पाहू. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. निरोगी गाडी झोपली की वीस ते पन्नास मिलिअँपिअर खाते. ३० धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासापेक्षा कमी, म्हणजे अर्धी बॅटरी संपायला तीन आठवड्यांच्या वर लागतात. तिच्यात पाव अँपिअर खाणारा कॅमेरा जोडा. दिवसाचे सहा अँपिअर-तास गेले, तीन दिवसांत बॅटरी अर्धी. पाच वॉटचा छताचा साधा बल्ब जळत राहिला तर त्याहून लवकर, दुसरा दिवस संपायच्या आत. जुन्या बॅटरीला याच्या निम्मे दिवससुद्धा पुरे.

रोज चालणाऱ्या गाडीत हे लपून जातं, कारण रोज ती पुन्हा भरली जाते. आसनगाव स्टेशनाशी सोमवारी गाडी लावून आठवडाभर मुंबईला राहणाऱ्याला, किंवा मुरबाडच्या आतल्या गावात अंगणात गाडी ठेवून शनिवारीच ती काढणाऱ्याला मात्र सेल मारल्यावर नुसतं टक् टक् ऐकू येतं. तो बॅटरी बदलतो. नवी बॅटरीसुद्धा थोड्याच दिवसांत तेच करते.

गळती मोजायला दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. मीटरची लाल वायर त्याच्या दहा अँपिअरच्या छिद्रात घालायची, बॅटरीच्या मायनसची वायर सोडवायची आणि ती वायर व बॅटरीचं मायनस टोक यांच्या मधे मीटर जोडायचा. चावी काढलेली, दरवाजे लावलेले, बॉनेट उघडं. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नये. गाडीतली यंत्रं झोपायला वेळ घेतात, कधी वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. आकडा स्थिरावला आणि ०.०५ च्या वरच राहिला तर एकेक फ्यूज उपटत जायचं. ज्याने आकडा धपकन खाली येईल त्या फ्यूजवर चोर आहे. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल मारू नये, मीटरच जळेल. टेपच्या बाबतीत चोर सापडण्याची एक आधीची खूण आहे: पिवळी आणि लाल दोन्ही वायरी एकत्र पिळून कायमच्या प्लसला जोडलेल्या असतात. असा टेप चावी काढल्यावर बंद होत नाही, त्याचं बटण दाबावं लागतं. मालकाला ती सोय वाटते. याच्या उलट, दोन्ही लालवर जोडल्या तर टेप दर वेळी सगळं विसरतो.

आपल्या भागात आणखी एक शत्रू आहे, आणि तो बसवणाऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. कापणीनंतर पेंढा गाडीच्या शेजारी रचला की उंदीर बॉनेटमधून आत शिरतात. वायर कुणी खाल्ली हे टोक पाहून कळतं. पकडीने कापलेली वायर सपाट तुटते, आवरण आणि तांबं एकाच रेषेत. कुरतडलेल्या वायरीचं आवरण लांबपर्यंत सोललेलं, तांबं बहुधा अखंड, खाली प्लास्टिकचा चुरा आणि लेंड्या.

जोडणीचा दोष मात्र बसवणाऱ्याचाच, फक्त तो उशिरा उघडा पडतो. चिकटपट्टी एप्रिल-मेच्या उन्हात, बंद गाडीत, पाझरते आणि सरकते. पावसाळ्यात चिखलाचे पाय घेऊन माणसं आत बसली की पायाखालच्या गालिचाखाली ओल राहते, आणि पिळलेल्या तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. बसवलं तेव्हा चालत होतं, गणपतीनंतर बंद पडलं, याचं कारण बहुतेक वेळा हेच. अर्थिंग रंगावर आवळलेलं असलं तरी असाच उशिरा त्रास होतो: रंग खरवडून, पत्र्याला भिडवून, रिंग टर्मिनलने आवळलेलं अर्थिंग वर्षानुवर्षं टिकतं. खराब अर्थिंगची ओळख विचित्र असते. इंडिकेटर दिला की डॅशबोर्डचा दिवा फडफडतो, ब्रेक दाबला की टेप बंद पडतो. एका दिव्याची वीज परतीची वाट न मिळाल्याने दुसऱ्याच्या वाटेने घुसते.

काळी-पिवळी, ईको किंवा टुरिस्ट परमिटची गाडी चालवणाऱ्यांना बाहेरची वस्तू बसवायची की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षा वगळता, एआयएस-१४० या मानकाचा ट्रॅकर आणि धोक्याच्या वेळी दाबायचं बटण सक्तीचं झालं. ट्रॅकरला कायमचा प्लस, चावीचा प्लस आणि अर्थ, तिन्ही हवेत. तो बसवून आल्यानंतर छताचा दिवा आणि घड्याळ गेलं, तर वर सांगितलेलं पिवळ्या वायरीचं कुटुंब आठवावं. ट्रॅकरमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते, म्हणून फ्यूज उडूनही तो काही काळ ठिकाण पाठवत राहतो, आणि कार्यालयातल्या पडद्यावर सगळं ठीक दिसतं.

वस्तू बसवून घ्यायला जाताना दुकानदाराला एकच विचारावं: कपलर टू कपलर करणार का? म्हणजे गाडीचा मूळ कपलर न कापता, त्यात बसणारा जोडकपलर मधे घालून. बहुतेक लोकप्रिय गाड्यांसाठी तो मिळतो. तो असेल तर नारिंगी वायरीचं उघडं टोक उरतच नाही, आणि वायर कापली म्हणून वॉरंटी नाकारायला कंपनीला निमित्त मिळत नाही. डॅशकॅम, ट्रॅकर, पट्ट्या अशांसाठी फ्यूज टॅप वापरावा. तो मूळ फ्यूजच्या जागी बसतो, त्यात दोन फ्यूज राहतात, एक जुन्या सर्किटचा आणि एक नव्या वस्तूचा. तो खाचेत दोन्ही बाजूंनी बसतो, पण बरोबर एकाच बाजूने असतो. उलटा बसला तर नव्या वस्तूचा करंटही जुन्या फ्यूजमधूनच जातो आणि जुना फ्यूज दोघांचा भार वाहतो. कोणती बाजू बरोबर ते टॅप बसवण्याआधी कळतं: मूळ फ्यूज काढायचा, सर्किट चालू ठेवून रिकाम्या खाचेच्या दोन्ही पट्ट्यांना टेस्ट लॅम्प लावायचा. जिथे लॅम्प पेटतो ती बॅटरीकडची बाजू. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना वीज पुरवतो, तो त्या बाजूला आला पाहिजे.